ऑल-इन-वन संगणक आणि पंधरा दिवसांचे परीक्षक

ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच संगणक असलेल्या, डेस्कटॉपची कुठलीही तुलना वाचायला घ्या, वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका ठरलेली असते : याने कंपनीकडून किती घेतले? आयमॅकला पहिला नंबर दिला की तो ॲपलचा माणूस. एचपी, डेल किंवा लेनोव्होला दिला की त्यांचा. ही शंका निराधार नाही, पण ती फार लवकर थांबते. ऑल-इन-वनच्या बाबतीत विकल्या गेलेल्या परीक्षकापेक्षा प्रामाणिक परीक्षकाकडूनच वाचकाचं जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे. कारण तो हे यंत्र पंधरा दिवस वापरून परत करतो आणि घेणारा ते सात-आठ वर्षं टेबलावर ठेवणार असतो. या यंत्राचे खरे गुणदोष तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाहेर पडतात, तेव्हा परीक्षकाच्या हातात ते नसतंच.

पण आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण तो मुद्दा टाळला तर पुढचं सगळं सारवासारव वाटेल.

डिसेंबर २००६ मध्ये, विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हातात पडण्याआधी, मायक्रोसॉफ्ट आणि प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने ब्लॉग लिहिणाऱ्या काही जणांना एसरच्या फेरारी मालिकेतले महागडे लॅपटॉप व्हिस्टा घालून पाठवले. त्यावरून बराच बोभाटा झाला. जानेवारी २०१३ मध्ये सी-नेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या संपादकांनी सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनातलं सर्वोत्तम उत्पादन म्हणून डिश कंपनीचा एक टीव्ही रेकॉर्डर निवडला. सी-नेटची तेव्हाची मालक कंपनी सीबीएस हिचा त्याच रेकॉर्डरवरून डिशशी कोर्टात वाद चालू होता, म्हणून वरून आदेश आला आणि ती निवड मागे घ्यावी लागली. एका पत्रकाराने राजीनामा दिला आणि तो पुरस्कार देण्याचं काम त्यानंतर सी-नेटकडून काढून घेतलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या परीक्षकांना कळवलं की यापुढे तुम्हाला आमची ग्राफिक्स कार्डं चाचणीसाठी मिळणार नाहीत. कारण काय, तर हे लोक रे ट्रेसिंगला, म्हणजे खेळांतला प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याच्या तंत्राला, कंपनीला हवं तेवढं महत्त्व देत नव्हते. सगळीकडून टीका झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने शब्द मागे घेतला.

या तीनपैकी एकाच प्रसंगात कुणी कुणाला काही दिलं आहे. दुसऱ्यात मालकाने नोकराचा हात धरला, तिसऱ्यात कंपनीने पुढची कार्डं रोखली. या धंद्यातला सगळ्यात मोठा दबाव तो हाच. नवं यंत्र बाजारात येण्याच्या दिवशी सकाळी ज्याचं परीक्षण तयार असतं, त्याला वाचक मिळतात. आठवड्याने आपल्या पैशाने यंत्र विकत घेऊन लिहिणाऱ्याला उरलेसुरले मिळतात. तेव्हा कंपनीने काही द्यायची गरज नसते, पुढच्या वेळी पाठवायचं थांबवलं की पुरे. आणि तसं प्रत्यक्ष थांबवावंही लागत नाही, ते थांबू शकतं एवढं परीक्षकाला माहीत असलं तरी बऱ्याच वाक्यांची धार आपोआप बोथट होते.

परीक्षणातल्या दुव्यावरून खरेदी झाली की मिळणारं कमिशन हा दुसरा भाग. लोक समजतात की कमिशनमुळे परीक्षक एखाद्या ब्रँडकडे झुकतो. माझ्या मते तो झुकतो ‘काहीतरी घ्या’ या सल्ल्याकडे. आयमॅक घेतला काय आणि लेनोव्होचा योगा घेतला काय, कमिशन मिळायचं ते मिळतंच. ‘तुमचा लॅपटॉप अजून चांगला चालतो, त्याला फक्त एक बरा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा’ या सल्ल्यात मात्र कमिशन घटतं. ‘आणखी दोन वर्षं काहीच घेऊ नका’ यात तर शून्य. ऑल-इन-वनकडे वळणाऱ्या अनेकांसाठी नेमके हेच दोन सल्ले सर्वांत उपयोगाचे असतात आणि तुलनेच्या लेखांत तेच सर्वांत कमी सापडतात.

आता यंत्राकडे येऊ. पडदा आणि संगणक एकाच अंगात ही कल्पना जुनी आहे. १९७७ चा कमोडोर पेट तसाच होता, १९८४ चा मॅकिंटॉशही. १९९८ च्या आयमॅकने ती घराघरांत नेली. २००२ च्या आयमॅकमध्ये संगणक खाली अर्धगोल पायात होता आणि पडदा वर दांड्यावर. २००४ च्या आयमॅक जी-फाइव्हमध्ये सगळा संगणक पडद्याच्या पाठीशी गेला, आणि आज बाजारात दिसणारे बहुतेक ऑल-इन-वन त्याच रूपाचे आहेत. म्हणजे आतून बऱ्याच अंशी लॅपटॉप, बाहेरून मॉनिटर.

अडचण इथेच आहे. चांगला पडदा सहज दहा वर्षं टिकतो. प्रोसेसर, रॅम, साठवण आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा पाठिंबा यांचं आयुष्य त्याहून पुष्कळ कमी असतं. टॉवर (म्हणजे वेगळ्या डब्यातला संगणक) आणि मॉनिटर वेगळे असले तर दोन्ही आपापल्या वयाने म्हातारे होतात. ऑल-इन-वन म्हणजे एकाच जुवाला जुंपलेला तरणा खोंड आणि थकत चाललेला बैल : एक बसला की दुसऱ्यालाही बसावं लागतं. तेव्हा या यंत्राचं परीक्षण करणाऱ्याने सगळ्यांत आधी विचारायला हवं की आतला संगणक निवृत्त झाल्यावर या पडद्याचं काय होणार. बहुतेक तुलनांमध्ये हा प्रश्न शेवटच्या परिच्छेदातही नसतो.

याचं उत्तर एका पोर्टमध्ये असतं. बाहेरच्या संगणकाचं चित्र या पडद्यावर घेता आलं, तर यंत्र म्हातारं झाल्यावरही मॉनिटर म्हणून जगतं. काही विंडोज ऑल-इन-वनना ही सोय असते, पुष्कळांना नसते. पाठीमागे बघितलं तर एचडीएमआयचं भोक दोन्हींत सारखंच दिसतं. एकातून चित्र फक्त बाहेर जातं, दुसऱ्यात आतही येतं. माहितीपत्रकात मात्र कित्येकदा नुसतं ‘एचडीएमआय’ छापलेलं असतं. दुसऱ्या लॅपटॉपची वायर त्यात खुपसून पडद्यावर चित्र येतं का हे बघायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांवर आख्ख्या पडद्याची पुढची पाच वर्षं अवलंबून असतात, आणि तेवढी तसदी घेतलेली परीक्षणं फार थोडी.

आयमॅकचा इतिहास इथे बोलका आहे. २००९ च्या २७ इंची आयमॅकमध्ये बाहेरचं चित्र घेण्याची सोय होती, ॲपल तिला टार्गेट डिस्प्ले मोड म्हणत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ५१२० बाय २८८० पिक्सेलचा ५के आयमॅक आला आणि त्यातून ही सोय गेली. त्या वेळी तांत्रिक कारण खरं होतं : तेव्हाच्या डिस्प्लेपोर्टच्या एका वायरीतून एवढं चित्र जात नव्हतं. डेलच्या ५के मॉनिटरला त्यासाठी दोन वायरी लावाव्या लागत. पण २०१६ मध्ये एलजीचा ५के मॉनिटर थंडरबोल्ट ३ या वेगवान जोडणीच्या एकाच वायरीवर चालू लागला आणि २०१७ च्या आयमॅकला थंडरबोल्ट ३ मिळालंही. सोय परत आली नाही. कारण संपलं तरी उणीव राहिली आणि एव्हाना तिच्याविषयी विचारणारे कमी झाले होते. त्या काळातले पडदे आजही डोळ्यांचं पारणं फेडतात, पण ज्या दिवशी आतला संगणक कामातून जाईल त्या दिवशी ते निव्वळ काचेची फळी होतील. कुणी त्यात वेगळा बोर्ड बसवून मॉनिटर करून घेतात, पण ती हौशी माणसांची गोष्ट झाली.

विंडोजच्या बाजूलाही हेच घडलं, फक्त वेगळ्या दाराने. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अशी अट घातली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. टॉवर असणाऱ्याने डबा बदलला, मॉनिटर तोच ठेवला. ऑल-इन-वनवाल्याच्या धडधाकट पडद्यावरही मुदत येऊन पडली. यातलं सर्वांत टोचणारं उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टचं आहे. २०१६ चा सर्फेस स्टुडिओ : २८ इंची, ४५०० बाय ३००० पिक्सेलचा, चित्रकाराच्या फळीसारखा खाली झुकणारा पडदा. त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, तसा पडदा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण आत सहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि बाहेरून चित्र घ्यायची सोय नाही. विंडोज ११ च्या यादीत तो बसला नाही. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ च्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये, सातव्या पिढीचा ७८२०एचक्यू होता. तोही नियमाबाहेर पडत होता, पण ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोसेसर यादीत घेतला. ज्याने अट लिहिली त्याच्याच ऑल-इन-वनसाठी अपवाद करावा लागला, तर इतरांचं काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं २०१६ मध्ये परीक्षकाला कसं कळणार होतं? विंडोज ११ ची अट कुणालाच माहीत नव्हती, हे मान्य. पण पडद्याला बाहेरचं चित्र घेता येत नाही, हे पहिल्या दिवशी माहीत होतं. प्रोसेसर त्या वेळीही सर्वांत नवा नव्हता, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर ‘या पडद्याचं आयुष्य या प्रोसेसरएवढंच आहे’ हे वाक्य लिहिता आलं असतं.

दुरुस्तीचंही तसंच. २००९ ते २०११ या काळातल्या आयमॅकची पुढची काच लोहचुंबकांनी धरलेली असे. रबरी चोषक चिकटवून हलकेच ओढली की ती सुटे, मग स्क्रू काढून पडदा उचलायचा. २०१२ मध्ये कडेला फक्त ५ मिलिमीटर जाडीचा नवा आयमॅक आला आणि चुंबकांच्या जागी चिकटपट्टी आली. तेव्हापासून आत शिरायचं तर पातळ चाक किंवा पत्ती काचेच्या कडेने फिरवून चिकटपट्टी कापायची, पडदा पुढे झुकवताना आतल्या वायरी तुटणार नाहीत याची काळजी घ्यायची, काम झालं की जुना चिकटा खरवडायचा आणि नव्या पट्ट्या लावून काच नेमकी बसवायची. एवढं सगळं कशासाठी, तर एक हार्ड डिस्क बदलण्यासाठी. टॉवरमध्ये हेच काम एका स्क्रूड्रायव्हरवर होतं. त्या बारीक कडेचे फोटो मात्र जगभर झळकले. समोर बसणाऱ्याला ती कड कधीच दिसत नाही.

यापुढचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं. परीक्षकाकडे आलेलं यंत्र आणि वाचक घेतो ते यंत्र, नाव एकच असलं तरी, पुष्कळदा एक नसतं. कंपन्या चाचणीसाठी बहुधा वरच्या घडणीचा नमुना पाठवतात : जास्त रॅम, मोठी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान साठवण), वेगवान प्रोसेसर. वाचक घेतो तो सर्वांत स्वस्त, कारण जाहिरातीत किंमत त्याचीच असते. २१.५ इंची आयमॅकच्या सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क होती. ती संथ चकती ४के पडद्याच्या सुंदर यंत्रातही राहिली आणि ऑगस्ट २०२० पर्यंत टिकली, तोवर बाकीच्या जगात एसएसडी ही साधी अपेक्षा झाली होती. एसएसडी असलेल्या नमुन्यावर ‘मशीन झटक्यात सुरू होतं’ असं लिहिणारा परीक्षक खरंच बोलत होता. ते वाचून खालचं मॉडेल घेणाऱ्याला मात्र रोज सकाळी ते सुरू होण्याची वाट बघत बसावं लागलं. लबाडी कुणीच केली नाही, आणि तरी घेणारा फसला.

त्याहून बारीक गोष्ट ॲपलच्या फ्यूजन ड्राइव्हची. मोठी हार्ड डिस्क आणि छोटी एसएसडी यांची ती जोडी. एक टेराबाइटच्या फ्यूजन ड्राइव्हमध्ये आधी १२८ जीबी एसएसडी असे. २०१५ च्या शेवटी आलेल्या आयमॅकमध्ये ती २४ जीबी झाली. नाव तेच, ‘एक टेराबाइट’ हा आकडाही तोच. तुलनेच्या तक्त्यात हा बदल दिसायला जागाच नव्हती. २०२१ च्या २४ इंची आयमॅकचंही बघा : सर्वांत स्वस्त मॉडेलला दोनच पोर्ट, एकच पंखा, ग्राफिक्सचा एक कोअर (चिपमधला काम करणारा भाग) कमी, आणि ॲडॅप्टरमध्ये इथरनेटची (वायरीने इंटरनेट जोडण्याची) सोय नाही. रंग सुरेख, जाडी अवघी ११.५ मिलिमीटर, आणि परीक्षणाच्या मथळ्यात दोन्हींचं नाव फक्त ‘नवा आयमॅक’.

विंडोजच्या ऑल-इन-वनमध्ये हा गोंधळ प्रोसेसरच्या नावात लपतो. ‘आय७’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पण कोअर आय७-१३५५यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर : दोन मोठे कोअर, आठ छोटे, मूळ वीजमर्यादा १५ वॉट. आय७-१३७०० हा डेस्कटॉपचा : आठ मोठे, आठ छोटे, ६५ वॉट. ऑल-इन-वनच्या पाठीत बहुधा पहिल्यासारखा असतो, कारण तिथे उष्णता बाहेर काढायला जागाच नसते. त्यात गैर काही नाही. पत्रं, हिशेब, व्हिडिओ कॉल यांना तो पुरून उरतो. पण या दोघांना एकाच तक्त्यात ‘आय७’ म्हणून बसवणारी तुलना वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकते. तासभर चालणारं काम लावून बघितलं, आणि पहिल्या पाच मिनिटांतला वेग आणि शेवटच्या पाच मिनिटांतला वेग शेजारी छापला, तर हा फरक लपत नाही. काही मोजके परीक्षक हे करतातही. बाकीच्यांकडून ‘दैनंदिन कामासाठी पुरेसा वेगवान’ एवढंच वाक्य मिळतं, आणि ते आज विकल्या जाणाऱ्या जवळपास कुठल्याही संगणकाबद्दल खरं असतं.

पडद्याच्या बाबतीतही तेच. २७ इंचांवर १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला साधारण ८२ ठिपके, तर त्याच आकाराच्या ५के पडद्यावर २१८. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी हा फरक प्रोसेसरच्या फरकापेक्षा मोठा आहे. दोन्हींना ‘२७ इंची मोठा डिस्प्ले’ म्हणून मोकळं होणं हा आळस झाला.

आता दुसऱ्या बाजूचा पक्षपातही सांगायला हवा, कारण तो आहे आणि जोरदार आहे. संगणकांची परीक्षणं लिहिणारी बरीच माणसं स्वतःचा पीसी स्वतः असेंबल करणारी असतात. त्यांना ऑल-इन-वन म्हणजे मूर्ख माणसाची खरेदी वाटते. ‘एवढ्याच पैशात दुप्पट ताकदीचा टॉवर येतो’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण बेरीज मांडताना वेबकॅम, माइक, स्पीकर, वाय-फाय, कीबोर्ड-माउस, विंडोजचा परवाना आणि हे सगळं जोडून देणाऱ्याची मेहनत कागदावर येत नाही. २०१४ मध्ये डेलने आपल्या ५के मॉनिटरची जी किंमत जाहीर केली, जवळपास तेवढ्याच किमतीत ॲपलचा आख्खा ५के आयमॅक येत होता, आत संगणकासकट. त्या वर्षी त्या पडद्याची गरज असलेल्या माणसाला टॉवर सुचवणं हा चुकीचा हिशेब होता.

आणि ऑल-इन-वन घेणारा माणूस बघा कोण असतो. रिसेप्शनच्या काउंटरवर बसणारा, ज्याच्या पायाशी डब्याला जागा नाही. तीस संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणारा शिक्षक, ज्याला प्रत्येक टेबलावर एकच वायर हवी आहे. नातवंडांशी बोलण्यासाठी मोठा पडदा हवा असलेले आजी-आजोबा, ज्यांना कुठली पिन कुठे जाते हे शोधायचं नाही. यांना व्हिडिओ किती सेकंदांत एक्स्पोर्ट होतो याच्याशी काय देणंघेणं? पण व्हिडिओवर परीक्षण करणाऱ्याचं रोजचं काम व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं हेच असतं, म्हणून मोजमापही तेच होतं. तो स्वतःच्या गरजेला सगळ्यांची गरज समजतो. हा पक्षपात पैशातून आलेला नाही, सवयीतून आला आहे, आणि म्हणून तो त्याला स्वतःला दिसत नाही. काउंटरवरच्या माणसासाठी पडद्याची उंची कमी-जास्त होते का हा प्रश्न प्रोसेसरइतकाच मोठा आहे. २४ इंची आयमॅकची उंची कमी-जास्त होत नाही, तो फक्त पुढे-मागे कलतो. पंधरा दिवसांत कुणाची मान आखडत नाही, त्यामुळे परीक्षणात ती एका ओळीची कुरकुर ठरते.

याच कारणाने लेनोव्होच्या थिंकसेंटर टायनी-इन-वनसारख्या यंत्राला कुणी मथळा देत नाही. त्यात मॉनिटरच्या पाठीत एक खण असतो आणि छोटा पीसी त्यात सरकवला जातो. जुना झाला की पीसी काढायचा, नवा घालायचा, पडदा तोच. माझ्या दृष्टीने ऑल-इन-वनच्या मूळ दुखण्यावरचं हे सर्वांत शहाणं उत्तर आहे. पण ते दिसायला सरकारी कचेरीतल्या सामानासारखं, आणि दिसणं हा परीक्षणातला पहिला विभाग. दहापैकी गुण देताना देखण्या रूपाला जेवढं वजन, तेवढंच पडद्याच्या पुढच्या आयुष्याला दिलं असतं तर वर-खालचे क्रमांक उलटेपालटे झाले असते.

मग करायचं काय? उघडपणे सांगण्याचे नियम झाले आहेत आणि ते चांगलेच आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलं की लिहिणाऱ्याला कंपनीकडून पैसे किंवा वस्तू मिळाल्या असतील तर ते सांगितलं पाहिजे. २०२४ मध्ये खोट्या परीक्षणांवर थेट बंदीचा नियमही आला. पण ‘हे यंत्र कंपनीने चाचणीसाठी दिलं’ ही ओळ छापल्याने ते यंत्र कुठल्या घडणीचं होतं, बाजारात सर्वांत जास्त खपणाऱ्या मॉडेलपेक्षा ते किती वेगळं होतं, ते किती दिवस वापरलं आणि परत कधी गेलं, यातलं काहीच कळत नाही. मला पैशाच्या ओळीइतक्याच या चार ओळी हव्या आहेत. त्या छापायला एक पैसाही खर्च होत नाही आणि कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

दुकानातून, नाव न सांगता, आपल्या पैशाने यंत्र घेऊन तपासणाऱ्या संस्था जगात आहेत. अमेरिकेतलं कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून, जर्मनीतलं श्टिफ्टुंग वारेनटेस्ट १९६० च्या दशकापासून हे करत आलं आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या सभासदांना विचारतं की घेतलेली वस्तू कितपत टिकली, त्यामुळे पंधरा दिवसांच्या पलीकडचं थोडं तरी दिसतं. एकट्यादुकट्या परीक्षकाने दरवर्षी दहा ऑल-इन-वन विकत घ्यावेत अशी अपेक्षा मी करत नाही, ते परवडणारं नाही. पण वर्षाला एखादं, तेही सर्वांत स्वस्त मॉडेल, विकत घेऊन तीन वर्षं घरातल्या कुणाला तरी वापरायला देणं आणि मग त्यावर लिहिणं हे नामांकित परीक्षकांना नक्की जमण्यासारखं आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : तीन वर्षांनी लिहिलेल्या परीक्षणाचा उपयोग काय, तोवर ते मॉडेल दुकानात नसतं. मोबाइलसाठी हा आक्षेप काही अंशी खरा असेल. ऑल-इन-वनसाठी तो टिकत नाही, कारण इथे प्रोसेसर बदलतो पण अंग वर्षानुवर्षं तेच राहतं. २०१२ मध्ये आलेली चिकटपट्टीची बांधणी इंटेल आयमॅकमध्ये २०२० च्या शेवटच्या मॉडेलपर्यंत होती. २०२१ चं २४ इंची अंग २०२३ च्या एम३ आणि २०२४ च्या एम४ चिपच्या आयमॅकमध्ये जवळपास जसंच्या तसं आहे : तोच कलणारा पाय, तीच बंद पाठ, बाहेरचं चित्र वायरीने न घेणारा तोच पडदा. म्हणजे २०२१ चा आयमॅक तीन वर्षं वापरून कुणी २०२४ मध्ये नीट लिहिलं असतं, तर त्या आठवड्यात एम४ घ्यायला निघालेल्या माणसाला त्यातली निम्म्याहून जास्त माहिती थेट लागू पडली असती, आणि त्याच सकाळी प्रसिद्ध झालेल्या ताज्या परीक्षणांत ती त्याला मिळणं शक्यच नव्हतं.